श्राइकची गोष्ट : यंत्रांचं बंड संपल्यावर काय उरतं?



या व्याख्यानमालेत आपण बहुतेक वेळा मोठ्यांसाठी लिहिलेल्या ग्रंथांवर बोलतो. आज आम्ही किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली एक कादंबरी घेतली आहे, तीही चार पुस्तकांच्या मालिकेतली शेवटची. ‘तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे काय सुचलं?’ असं म्हणून काहींनी नाक मुरडलं असेल. पण यंत्र आणि माणूस यांच्या नात्याचा विचार आज जितका पोरांच्या पुस्तकांत चालला आहे, तितका आमच्या विभागांतल्या प्रबंधांत चाललेला आम्हांला तरी दिसत नाही. म्हणून हे धाडस.

लेखक फिलिप रीव्ह, इंग्लंडचे. मालिकेचं पहिलं पुस्तक ‘मॉर्टल एंजिन्स’, २००१ सालचं. मग ‘प्रेडेटर्स गोल्ड’ (२००३), ‘इन्फर्नल डिव्हायसेस’ (२००५), आणि शेवटचं ‘अ डार्कलिंग प्लेन’ (२००६). या शेवटच्या पुस्तकाला ‘गार्डियन’चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. तुमच्यापैकी काहींनी २०१८ सालचा चित्रपट पाहिला असेल. तो फक्त पहिल्या पुस्तकावर बेतलेला आहे, आणि आज आम्हांला जे सांगायचं आहे ते चौथ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांत आहे. तेव्हा आधीच सांगतो, शेवट उघड करून बोलणार आहोत. शेवटाबद्दल न बोलता शेवटच्या पुस्तकाची समीक्षा करता येत नाही.

आधी एक शब्द पाहू. ‘रोबोट’ हा शब्द जगाला दिला तो चेक नाटककार कारेल चापेक यांनी. नाटक ‘आर. यू. आर.’, १९२० साली छापलं गेलं आणि १९२१च्या जानेवारीत प्राग इथल्या राष्ट्रीय नाट्यगृहात रंगमंचावर आलं. शब्द सुचवला त्यांच्या भावानं, चित्रकार जोसेफ चापेकनं. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे कुळांनी जमीनदाराच्या शेतावर करायची सक्तीची मेहनत. याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे : वेठ. आपण मात्र भाषांतर केलं ‘यंत्रमानव’. शब्द छान आहे, कानाला गोड आहे, पण त्यातून वेठ गळून पडली. ‘यंत्रमानव’ म्हटलं की डोळ्यांसमोर लोखंड येतं. ‘वेठबिगार’ म्हटलं असतं तर लगेच प्रश्न आला असता, की वेठीला धरलं कुणी? यंत्रांच्या बंडाच्या कथा मुळात या प्रश्नाच्या कथा आहेत. लोखंड त्यात दुय्यम आहे. चापेकचे रोबोट तर लोखंडाचे नव्हतेच, ते मांसासारख्या द्रव्याचे होते.

बंड झालं, पुढे काय? या प्रश्नाला विसाव्या शतकानं दोन मोठी उत्तरं दिली. एक चापेकचं. त्याच्या नाटकात रोबोट सगळ्या माणसांना मारतात, फक्त अल्क्विस्ट नावाच्या एकाला ठेवतात, का तर तो त्यांच्यासारखा हातांनी काम करतो. शेवटी हा म्हातारा पाहतो, की एक रोबोट तरुण आणि एक रोबोट तरुणी एकमेकांसाठी मरायला तयार आहेत. त्याला कळतं, की सृष्टी पुन्हा सुरू होते आहे. हे प्रेमाचं उत्तर झालं. दुसरं उत्तर आयझॅक असिमॉव्हचं. १९४२ सालच्या ‘रनअराउंड’ या कथेत त्यानं तीन नियम मांडले : माणसाला इजा करू नये, आज्ञा पाळावी, स्वतःला जपावं, आणि तेही याच क्रमानं. म्हणजे यंत्राच्या डोक्यातच कायदा बसवून टाकायचा, बंड होणारच नाही. हे नियमाचं उत्तर. त्या नियमांना फाटे कुठे फुटतात हे असिमॉव्हनं स्वतःच कथांमागून कथा लिहून दाखवलं, हा त्याचा प्रामाणिकपणा.

रीव्हनं तिसरं उत्तर दिलं आहे, असं आमचं म्हणणं आहे. ते समजायला त्याचं जग थोडं पाहावं लागेल.

हजारो वर्षांपूर्वी ‘साठ मिनिटांचं युद्ध’ झालं, त्यात आपली आजची संस्कृती संपली. नंतर शहरांनी चाकं लावून घेतली. लंडन चालतं, आणि आपल्याहून लहान गावं पकडून खातं. अक्षरशः जबडा आहे त्याला. पकडलेलं गाव फोडून त्याचं लोखंड, लाकूड, इंधन वापरायचं आणि माणसांना कामाला लावायचं. या व्यवस्थेला तिथले लोक ‘म्युनिसिपल डार्विनिझम’ म्हणतात, आणि शास्त्राचं नाव दिलं की लूट कशी सभ्य वाटते हेही लेखक त्यातच दाखवतो. या चालत्या शहरांच्या विरोधात जमिनीवर राहणाऱ्यांची फळी आहे. तिच्यातला जहाल गट म्हणजे ‘ग्रीन स्टॉर्म’. पृथ्वी पुन्हा हिरवी करायची, ही त्यांची घोषणा.

आणि या जगात ‘स्टॉकर’ आहेत. मेलेल्या माणसाच्या देहात यंत्र बसवून उभा केलेला सैनिक म्हणजे स्टॉकर. पूर्वायुष्य त्याला आठवू नये, असा बनवणाऱ्यांचा हिशेब. मराठी वाचकाला इथे काय आठवावं? वेताळ. प्रेतात शिरून बोलणारा. ही तुलना आम्ही गंमत म्हणून केलेली नाही, तिच्याकडे परत येऊ.

मालिकेत दोन स्टॉकर महत्त्वाचे आहेत. पहिला श्राइक. हेस्टर शॉ नावाच्या मुलीच्या आईला मारलं जातं, हेस्टरच्या चेहऱ्यावर तलवारीचा वार बसतो, आणि त्या पोरक्या, विद्रूप झालेल्या मुलीला वाढवतं कोण, तर हे मढं. पहिल्या पुस्तकात तो तिला ठार मारायला निघतो. द्वेषानं नाही हो, मायेनं. मेली की तिलाही स्टॉकर करून घ्यायचं, म्हणजे तिला दुःख होणार नाही आणि ती कायम आपल्यापाशी राहील. लहान मुलांच्या पुस्तकात मायेचं इतकं भयंकर रूप आम्ही क्वचित पाहिलं आहे. त्या पुस्तकात श्राइक पडतो. तिसऱ्यात डॉक्टर ईनोनी झीरो त्याला पुन्हा उभा करते. आणि चौथ्यात तो असा आहे, की त्याच्या हातून आता माणूस मारला जात नाही.

दुसरी स्टॉकर फँग. जिवंत असताना ती ॲना फँग होती. वैमानिक, चालत्या शहरांची वैरीण, धाडसी आणि हसरी. ती मारली जाते. ग्रीन स्टॉर्मवाले तिच्या प्रेतातून एक शस्त्र घडवतात. आणि ते शस्त्रच पुढे त्यांचं नेतृत्व बळकावून वर्षानुवर्षं युद्ध चालवतं. वेठीला धरलेली मालकीण झाली! तिसऱ्या पुस्तकात श्राइक तिचे तुकडे करतो. चौथ्यात फिशकेक नावाचा एक टाकून दिलेला पोरगा ते तुकडे गोळा करून तिला पुन्हा जोडतो. जोडल्यावर तिच्यात दोघी नांदू लागतात. कधी ॲना वर येते, पोराशी मायेनं बोलते. कधी यंत्र वर येतं, आणि मग त्या पोराची किंमत शून्य.

बौद्ध परंपरेत राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन राजाला विचारतो : तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? चाक? आस? जू? सगळे भाग वेगळे केले तर रथ कुठे राहतो? ‘मी’सुद्धा असाच, भागांच्या जुळणीला दिलेलं नाव. फिशकेक जेव्हा फँगचे तुकडे जोडत बसतो, तेव्हा रीव्ह नकळत हाच प्रश्न मुलांपुढे ठेवतो. जोडली कोण? ॲना? फँग? की दोन्ही नावं सोयीची?

पाश्चात्त्य परंपरेत जॉन लॉक सांगतो, की स्मृती जिथवर मागे पोचते तिथवर ती व्यक्ती तीच. हा निकष इथे लावून पाहा. फँगपाशी ॲनाच्या आठवणी आहेत, आणि ती सगळी माणसं मारायला निघाली आहे. श्राइकपाशी पूर्वायुष्याची आठवण नाही, आणि तरी चौथ्या पुस्तकापर्यंत येता येता त्याला ‘व्यक्ती’ म्हणायला आपण कचरत नाही. म्हणजे आठवणींचा साठा असणं पुरेसं नाही. त्या आठवणींपुढे आपण कसे वागतो, हा प्रश्न उरतोच. लॉकची ही परीक्षा आम्ही कितीएक वर्षं वर्गात घेतली असेल, पण हे उदाहरण हाताशी असतं तर पोरं जागी राहिली असती.

आता कथानकाचा गाभा. फँगच्या हाती ‘ओडिन’ नावाचं, पृथ्वीभोवती फिरणारं एक प्राचीन अस्त्र येतं. ती त्यानं चालती शहरंही जाळते आणि आपल्याच पक्षाची नगरंही. गंमत पाहा, दोन्ही पक्षांना वाटतं अस्त्र समोरच्याकडे आहे. पुस्तकाचं नाव मॅथ्यू अर्नोल्डच्या ‘डोव्हर बीच’ या १८६७ साली छापलेल्या कवितेच्या शेवटच्या कडव्यातून घेतलं आहे, ते उगाच नाही. अंधारात एकमेकांवर तुटून पडलेली सैन्यं हेच त्या कडव्याचं चित्र आहे. फँगचा अंतिम बेत याहून मोठा. ज्वालामुखी जागे करायचे, आकाश राखेनं झाकायचं, माणूस ही जात संपवायची. मग पृथ्वी हिरवी होईल.

इथे आम्हांला पुस्तकाशी पहिलं भांडण करायचं आहे. फँगचा युक्तिवाद वेडेपणाचा नाही. माणसांनी एकदा साठ मिनिटांत जग जाळलं, मग चाकांवर बसून उरलेलं चिरडलं; चारही पुस्तकं तिच्या बाजूनं साक्ष देतात. असा युक्तिवाद मांडणाऱ्या पात्राला हरवणं वेगळं आणि त्याला उत्तर देणं वेगळं. रीव्ह तिला हरवतो, अस्त्र थांबतं, आणि वाचक सुटकेचा श्वास टाकतो. पण ‘तू चुकतेस, कारण…’ असं पुढे कुणी म्हणत नाही. भंगारात वसलेलं नवं लंडन त्याच पुस्तकात आहे. चुंबकीय बळावर जमिनीपासून वर तरंगणारं, कुणालाही न खाणारं शहर. ते उत्तर होऊ शकलं असतं. लेखकानं त्याला पळापळीच्या प्रसंगांत इतकं गुंतवलं, की त्याचा विचार व्हायला जागाच उरली नाही.

दुसरं भांडण जास्त नाजूक आहे. शेवटी टॉमचं, म्हणजे हेस्टरच्या नवऱ्याचं दुखरं हृदय थांबतं, आणि हेस्टर त्याच्याशेजारी स्वतःचं आयुष्य संपवते. लेखनात संयम आहे, कुठेही भडकपणा नाही. पण ही दोघं कुणाची तरी आईबाप आहेत. त्यांची मुलगी रेन तरुण आहे, जिवंत आहे, आणि या प्रसंगाची किंमत ती भरणार आहे. करुण प्रसंग सुंदर झाला, की वाचक मागे राहिलेल्यांना विसरतो. चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाच्या हाती हे पुस्तक देताना घरातल्या मोठ्यांनी त्याच्याशी रेनबद्दल जरूर बोलावं. पुस्तक लपवून ठेवू नये, पण पोराला त्या पानांवर एकटंही सोडू नये.

आणि आता ती शेवटची पानं. श्राइक तिथे पोचतो, पण उशिरा. तो दोघांना एकमेकांशेजारी ठेवतो आणि जवळ बसून राहतो. पहिल्या पुस्तकातला श्राइक असता तर त्यानं काय केलं असतं? हेस्टरचा देह उचलून कुणा यंत्रवैद्याकडे नेला असता : करा हिला माझ्यासारखं. तीच तर त्याची इच्छा होती. आता तो तसं करत नाही. तिला मरू देतो. देह मातीत जातात, गवत येतं, ऋतू आणि युगं सरतात, आणि हा बसलेलाच. आमच्या मते मालिकेतल्या बंडाचा खरा निकाल इथे लागतो. ओडिन थांबतं तिथे नाही. फँगला मृत जग मागे ठेवून आपलं स्वप्न हवं होतं. श्राइकलाही एके काळी मृत हेस्टर हवी होती. दोघांची मागणी एकच होती, जिवंत माणसाला आपल्या हवं तसं थिजवायचं. एक ती मागणी शेवटपर्यंत सोडत नाही. दुसरा सोडतो.

फार काळानं तो जागा होतो. जग हिरवं आहे, चालती शहरं राहिलेली नाहीत, आणि माणसं आहेत. पाहिलंत? फँगला न मिळालेलं उत्तर इथे आहे, पण इतकं हळू आवाजात दिलं आहे, की घाईनं वाचणाऱ्याच्या हातून निसटतं. पृथ्वीही हिरवी झाली आणि माणूसही उरला. एकाला मारून दुसरं मिळवावं लागलं नाही. ते कसं साधलं हे लेखक सांगत नाही, म्हणून आमचं पहिलं भांडण मिटत नाही. थोडं मवाळ होतं, इतकंच.

तिथली माणसं या विचित्र यंत्राकडे कुतूहलानं पाहतात : हे कशासाठी बनवलं असेल? खरं उत्तर होतं, मारण्यासाठी. पण त्याला आता स्वतःचं काम वेगळं वाटतं. तो आठवण ठेवणारा आहे. आणि तो लोकांना गोष्ट सांगू लागतो. जी गोष्ट सुरू होते, ती आपण पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या वाक्यापासून वाचत आलो तीच.

बरेच वाचक इथे म्हणतात, ‘वा, वर्तुळ पूर्ण झालं.’ आम्हांला त्यात थोडी अडचण दिसते, आणि ती अडचणच आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. न्यायदर्शनात स्मृती म्हणजे पूर्वी घेतलेल्या अनुभवाच्या संस्कारातून उपजलेलं ज्ञान. ज्याचा अनुभव घेतला नाही, त्याची आठवण होत नाही. आता विचार करा. पहिल्या पानावर लंडन एका छोट्या गावाचा पाठलाग करतं, तेव्हा टॉमच्या मनात काय चाललं होतं, हे श्राइकनं कुठे अनुभवलं? रेन प्रेमात पडली तेव्हा हा तिच्या मनात होता का? नव्हता. म्हणजे तो सांगतो ती निव्वळ स्मृती नाही. जिथे आपण नव्हतो तिथे मनानं जाऊन, दुसऱ्याला काय वाटलं असेल याचा अदमास घेऊन तो सांगतो. त्यात टॉमही आहे, ज्यानं पहिल्या पुस्तकात त्याला तलवारीनं पाडलं होतं. ज्यानं आपल्याला मारलं त्याच्या डोळ्यांनी जग पाहायचं! नियमानं हे यंत्राकडून करवून घेता येत नाही. प्रेमानंसुद्धा होईलच असं नाही, कारण श्राइकचं प्रेम तर एकदा सुरा घेऊन निघालं होतं. हे कथेनं होतं. असिमॉव्हचा नियम आणि चापेकचं प्रेम यांच्यापुढे रीव्हचं तिसरं उत्तर उभं राहतं ते असं.

यावर एक आक्षेप येईल, यायलाच हवा. हा साक्षीदार निर्दोष आहे का? त्याच्या हाताला किती जणांचं रक्त आहे! शहरांनी गिळलेल्या गावांतल्या नाव नसलेल्या माणसांची गोष्ट त्यानं सांगितली का? ती वेठ, जिच्यापासून आपण सुरुवात केली? खरं आहे, त्यांना या कथेत फारशी जागा नाही. कुठल्याही साक्षीदाराची गोष्ट त्याच्या मायेच्या माणसांभोवती फिरते. म्हणून एका श्राइकवर भागत नाही. दुसरी, तिसरी गोष्ट सांगणारेही लागतात. पण जो मारणारा होता त्यानं मारलेल्यांसकट सगळ्यांची गोष्ट सांगायला बसणं, ही सुरुवात आम्ही लहान मानत नाही.

आता वेताळाकडे. आपल्या वेताळपंचविशीतला वेताळ प्रेतातून गोष्ट सांगतो आणि शेवटी राजा विक्रमाला प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, ही अट. श्राइक प्रश्न विचारत नाही. पण त्याची गोष्ट संपली, की श्रोत्याच्या खांद्यावर ओझं आलेलं असतं ते वेताळाइतकंच.

आज आपल्या घराघरांत गोष्टी सांगणारी यंत्रं आली आहेत. नातवंडं त्यांना फर्मावतात, ती क्षणात सांगतात. रीव्हनं २००६ साली हे डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं, असा आमचा दावा नाही. पण पुस्तक वाचून झाल्यावर एक फरक मनातून जात नाही. श्राइक गोष्ट सांगायला लागला, त्याच्या आधी तो बसला होता. कुणाजवळ तरी, ते मातीत जाईपर्यंत. त्यानं काहीतरी गमावलं होतं, आणि जे बळानं परत आणता आलं असतं ते परत आणायचं नाही असं ठरवलं होतं. त्याच्या गोष्टीला वजन आहे ते त्यामुळे.

तेव्हा वेताळाच्या रीतीनं एक प्रश्न आम्हीच टाकतो. ज्यानं काही गमावलेलं नाही, त्यानं सांगितलेली गोष्ट ऐकताना आपण तिला किती तोलावं? आणि ज्या माणसानं पुष्कळ गमावलं आहे, त्याची गोष्ट ऐकायला आपण शेवटचे कधी बसलो होतो? उत्तर आम्हांला कळवलंच पाहिजे असं नाही. आमची अट वेताळाइतकी कडक नाही. फक्त ठाऊक असेल तर गप्प बसू नका.